चटणीची वही आणि घरचं सर्च इंजिन

सांगायला लाज वाटते, पण गल्लीतल्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी.

निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं? कुणी बाग करतं, कुणी रंकाळ्याला चक्कर मारतं. मी सर्च इंजिन बसवलं. हसू नका! आमच्या घरात, जिन्याखालच्या कपाटात, लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर.

झालं काय, एका दुपारी मोबाइलवर गुडघेदुखीचं काहीतरी शोधलं. पुढचे पंधरा दिवस जिथं जाईन तिथं गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती! म्हणजे माझा गुडघा दुखतो हे माझ्या बायकोला, मंगलला, कळायच्या आधी अमेरिकेला कळलं. माझं टाळकंच सरकलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या प्राचीला फोन लावला.

"बाबा, स्वतःचं सर्च इंजिन घरी बसवता येतं," ती म्हणाली. "बाहेरचंही शोधून देतं, आणि घरातले कागद त्यात भरले तर त्यातलंही. सगळं खाजगी."

खाजगी! हा शब्द मला फार आवडला.

आठ दिवस व्हिडिओ बघितले, चार वेळा सगळं पुसून पुन्हा मांडलं, आणि नवव्या दिवशी कपाटात हिरवा दिवा लुकलुकला. खरं सांगतो, हात जोडले मी. घरातले कागद भरायला घेतले. हातानं लिहिलेलं त्याला वाचता येईना, म्हणून महिनाभर मी मोठ्यानं वाचायचो आणि मोबाइल टाइप करायचा. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पत्रं, माझ्या तीस वर्षांच्या डायऱ्या, सगळं आत. मग एकदा सहज 'प्राची गोवर' असं टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तिच्या तान्हेपणीचं लसीकरणाचं कार्ड समोर! आम्ही दोघं नवरा-बायको बघतच राहिलो. अंगावर काटा आला माझ्या. एवढंसं खोकं, पण आमचा सगळा संसार त्याला तोंडपाठ!

आता राहिली होती एकच गोष्ट. मंगलची वही.

तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो. कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढायची ती नव्हे. उन्हाळ्यात मिरच्या, खोबरं, कांदा-लसूण, मसाले सगळं भाजून डंकावर, म्हणजे मिरच्या कुटायच्या गिरणीवर, कुटून आणायचं आणि वर्षभर वापरायचं, ती चटणी. आणि आमच्या मंगलची चटणी म्हणजे काय विचारता! शेजारच्या शैलाक्का गेली वीस वर्षं तिचं प्रमाण विचारतायत. मंगल नुसती हसते. ते प्रमाण तिच्या आईनं लिहिलेल्या वहीत, आणि वही साड्यांच्या तळाशी, कुलपात.

"अवो, आईच्या माघारी एवढंच राहिलंय माझ्याकडं," वही माझ्या हातात देताना ती म्हणाली. "भाईर गेलं तर बघा. अंबाबाईची शपथ घ्या."

मी शपथ घेतली. वर म्हणालो, "अगं, हे अमेरिकेला सापडत नाही, शैलाक्काला कसलं सापडतंय!"

वही वाचून आत भरली. इथपर्यंत ठीक होतं. पण घरात एवढा चमत्कार घडलाय आणि माणसानं गप्प बसायचं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या, तशी मी त्यांना जिन्याखालचं कपाट उघडून दाखवलं. देवाचं दर्शन घेतल्यासारख्या रांगेनं बघून गेल्या.

"लई भारी हाय की ओ भाऊ!" शैलाक्का म्हणाल्या. "आम्हास्नीबी वापराय येतंय काय?"

"त्यात काय? बाहेरचं काय ते माझ्या यंत्रावरून शोधा. अमेरिकेला पत्ता लागणार नाही."

आणि मी काय केलं असेल? आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, भिंतीवर वायफायचा पासवर्ड लिहिलेली पाटी आहे. आलेल्या माणसाला पाणी, चहा आणि पासवर्ड, ही आमच्या घरची रीत. त्याच पाटीवर, पासवर्डच्या खाली, सर्च इंजिनचा पत्ता ठळक अक्षरात लिहिला.

त्या यंत्रावर एक आकडा दिसतो, दिवसभरात किती वेळा शोधलं त्याचा. आमच्या दोघांचा मिळून सहा-सात व्हायचा. फेब्रुवारीत तो चाळीसवर गेला. मार्चमध्ये नव्वद! हिरवा दिवा थांबायचं नाव घेईना. आमच्या कट्ट्यावर बायका मोबाइल घेऊन बसलेल्या, मी आत दिव्याकडं बघत बसलेलो.

मला काय वाटलं सांगू? यंत्र स्वतःहून शिकायला लागलंय! रात्रंदिवस आपलं आपण अभ्यास करतंय! मी भारावून गेलो. शेवंतीचं एक फूल वाहिलं कपाटावर. आणि कट्ट्यावरच्या बायकांना आनंदानं चहा पाजला, स्वतःच्या हातानं.

एप्रिलमध्ये मंगलबरोबर डंकावर गेलो, पिशव्या धरायला. पुढं आमच्या गल्लीतल्या सात बायका. शैलाक्कांनी डबे उघडले. ब्याडगी इतकी, लवंगी इतकी, तीळ इतके, दगडफूल इतकं. पुढचीच्या डब्यात तेच. तिच्या पुढचीच्या डब्यात तेच! डंकवाला म्हणाला, "आज काय समद्यांनी एकाच दुकानातनं भरलं काय?"

हे सगळं मी संक्रांतीच्या आधी मोठ्यानं वाचलं होतं की!

"वैनी, यंदा आमची चटणी तुमच्यासारखी हुणार बघा," शैलाक्का म्हणाल्या. "भाऊंच्या त्या सर्चमध्ये घावलं की! नुसतं 'प्रमाण' टाकलं, पटकन आलं."

मंगलनं माझ्याकडं बघितलं. कोल्हापुरात बाई ओरडली तर माणूस निभावतो. गप्प बसली की संपलं.

घरी येऊन मी प्राचीला फोन लावला.

"बाबा, वायफायचा पासवर्ड कुणाकुणाला दिलाय?"

"सगळ्यांनाच! आल्यागेल्याला नाही म्हणायचं व्हय?"

"मग खाजगी कुठलं राहिलं?"

"अगं, खाजगी म्हणजे परक्यांपासून! गल्ली काय परकी हाय?"

तिनं फोनवर मोठा उसासा टाकला. तिच्या सांगण्यावरून मी शोधांची यादी काढली. प्रमाण, प्रमाण, वैनी चटणी, प्रमाण, प्रमाण... पानंच्या पानं! दिव्याचा अभ्यास कसला, शैलाक्कांचा अभ्यास चालला होता.

मान खाली घालून स्वयंपाकघरात गेलो. शपथ मोडलेला माणूस, डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. "मंगल, तुझ्या आईची एवढी एक गोष्ट, तीसुद्धा मला सांभाळता आली नाही."

तिनं पदर तोंडाला लावला. रडतेय वाटलं. हसत होती!

"अवो, त्या वहीत दोन जिन्नस न्हाईतच. आणि मिरच्यांचं प्रमाण उलटं हाय. आईनंच तसं लिवलंय. म्हणायची, वही कधी ना कधी कुणाच्या हाताला लागायचीच."

मी डोळे पुसले. "आणि खरं प्रमाण?"

"हितं," तिनं कपाळावर बोट ठेवलं. "हितं तुमचं वायफाय पोचत न्हाई."

"मग मला शपथ कशाला घातलीस?"

"शपथ नसती घातली तर तुम्हास्नी खरं वाटलं असतं व्हय? आणि तुम्हास्नीच खरं न्हाई वाटलं, तर गल्लीला कसं वाटंल?"

मी थक्क झालो. तीस वर्षं संसार केला या बाईबरोबर, आणि हात जोडले ते जिन्याखालच्या खोक्याला! मनातल्या मनात शेवंतीचं फूल उचललं आणि तिच्यापुढं ठेवलं. सासूबाईंनाही एक.

इथं गोष्ट संपायला हवी होती. माझ्या नशिबात नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. साठी उलटली तरी माझे केस काळेभोर आहेत. "आमच्या घराण्यातच आहे ते," असं मी गल्लीत वर्षानुवर्षं सांगत आलोय. फक्त रविवारी सकाळी दोन तास मी कुणाला भेटत नाही. ध्यानाला बसतो, असंही सांगत आलोय.

पुढच्या रविवारी ध्यान उरकून दूध आणायला बाहेर पडलो. समोरून शैलाक्कांचे मालक आप्पा आले. पिकून पांढरा कापूस झालेलं त्यांचं डोकं... काळंकुळकुळीत! त्यांच्या मागं गल्लीतले आणखी तिघं. सगळे वीस वर्षांनी तरुण. मी जागच्या जागी थिजलो. 'प्रमाण' असं नुसतं शोधलं, तर वही एकटी कशी येईल? माझ्या डायऱ्या पण आतच होत्या की!

आप्पांनी केसांवरून हात फिरवला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाऊ, लोखंडी कढई, मेंदी चार चमचे, कॉफी दीड! वैनींच्या प्रमाणाची चटणी काय आमच्यात जमली न्हाई बघा. पण तुमचं प्रमाण एक नंबर!"