दिवाळी पार्टीआधीची आठ मिनिटं

एका कंपनीत पंचवीस दिवाळ्या काढल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कूलरवर धूळ साचते तसे ते आपोआप साचतात. पुसायचाही आता मला कंटाळा येतो.

आमची कंपनी वाळूजला, गाड्यांचे पार्ट बनवणारी. दिवाळीआधी ऑफिसात पार्टी असते. त्या त्या वर्षी नव्यानं लागलेल्या पोरापोरींना 'तिथं कसं वागायचं, कुणाला काय द्यायचं' हे सांगायचं काम माझ्याकडं. का, तर मी ॲडमिनला, आणि सगळ्या ऑफिसचा काका! आठ मिनिटं लागतात. दरवर्षी तीच आठ मिनिटं आणि दरवर्षी नवा घोळ. मागच्या दिवाळीनंतर तर त्यापायी सुवर्णा नावाच्या पोरीची नोकरी जायची वेळ आली. ते सांगतो, पण आधी बाकीचे ऐका.

*

माझा पहिला नियम, साहेबांना कुणी गिफ्ट द्यायचं नाही. बरं दिसत नाही.

सोयगावचा एक पोरगा होता. मी बोलत असताना मान डोलवत होता, म्हटलं, पोरगं शहाणं आहे. पार्टीच्या दिवशी साहेबांची गाडी पाहिली तर डिक्कीतून केळीचा अख्खा घड बाहेर लोंबतोय! बोलावलं त्याला.

"अरे, साहेबांना द्यायचं नाही म्हटलं होतं ना?"

"सायबांना कुठं दिलं काका? गाडीला दिलं!"

*

डिस्पॅचचे रईसभाई माझ्याइतकेच जुने. पार्टीत एक नवा इंजिनिअर सगळ्यांशी हात मिळवत, शुभेच्छा देत चालला होता. रईसभाईंच्या खुर्चीशी आला आणि नुसतं हसून पुढं गेला. मी विचारलं, तर म्हणाला, "त्यांची नसते ना दिवाळी."

रईसभाईंनी ऐकलं. चष्मा पुसत म्हणाले, "मियाँ, बोनस हमकू भी मिलताय!"

*

एका वर्षी कंपनीनं सगळ्यांना कॅसरोल दिले. साहेबांनी स्वतः गुलमंडीच्या बाजारात जाऊन निवडले होते, आणि ते सारखं सांगत होते. एक नवा पोरगा बॉक्स घेऊन थेट त्यांच्यापुढं उभा राहिला.

"सर, ह्याची पावती मिळंल का? आईकडं असाच हाय. बदलून मिक्सरचं भांडं घेतो."

त्या दिवसापासून 'पावती मागायची नाही' हे वाक्य माझ्या आठ मिनिटांत वाढलं.

*

मग चिठ्ठ्या काढून एकमेकांना गिफ्ट द्यायची टूम आली. त्यात साहेबांचंही नाव, म्हणून माझा पहिला नियम तेवढ्यापुरता बाजूला. मर्यादा दोनशे रुपये, असं मी बजावून सांगितलं. बिडकीनच्या एका पोराला साहेबांच्या नावाची चिठ्ठी निघाली. त्याच्या वडिलांची जमीन एमआयडीसीत गेलेली. पोरगा स्टोअरला ट्रेनी, पण येतो साहेबांपेक्षा मोठ्या गाडीतून! साहेबांनी कागद फाडला तर आत चांदीचे सहा पेले.

मी कपाळाला हात लावला. "अरे, दोनशे म्हटलं होतं!"

"म्हंजी कमीत कमी दोनशे ना काका?"

साहेबांनी एक पेला उचलून हातात तोलला. मग म्हणाले, "बाळा, एक विचारू? तू इथं नोकरी कशाला करतोस?"

पोरगं लाजलं. "लग्न जुळंना, सायेब. पोरीवाले इचारत्यात, मुलगा करतो काय?"

*

आता सुवर्णा. अजिंठ्याची पोर, कंपनीजवळच्या रांजणगावात एका म्हातारीकडं खोली घेऊन राहायची. डिस्पॅचला, बाहेर जाणाऱ्या मालाची चलनं टाइप करायची. सहा महिने झाले की कायम होणार होती.

साहेबांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, दर दिवाळीला नव्या माणसांना घरच्या फराळाचा डबा पाठवतात. आणि माझा शेवटचा नियम, डबा रिकामा परत करायचा नाही. इतरांनी मूठभर साखर टाकून डबे दिले आणि सुटले. सुवर्णानं धपाटे करून दिले.

झालं! दोन दिवसांनी साहेब तोच डबा घेऊन हजर, आत बेसनाचे लाडू. सुवर्णानं डब्यात ठेचा आणि भाकरी दिली. तिकडून चिवडा आला. इकडून अनारसे गेले. संक्रांत गेली तरी डबा थांबेना! म्हातारीचा गॅस पहाटे चारलाच मोकळा मिळायचा, म्हणून पोर चारला उठायची.

रईसभाईंनी तोड काढली. "डब्बा गुम गया बोल दे."

तिनं तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेब नवा डबा घेऊन आले. तीन कप्प्यांचा!

अशात एका दुपारी झोपेच्या गुंगीत तिनं चलन चुकवलं आणि चाकणचा माल नाशिकला गेला. साहेबांनी तिला केबिनमध्ये घेतलं. "रात्री झोपत नाहीस का तू? आणखी एक चूक झाली तर कायम करणार नाही!" हे बोलताना त्यांच्या कोपराशी तिचाच डबा होता, त्यात पुरणपोळ्या.

ती माझ्याकडं आली, डोळे लाल. "काका, नोकरी गेली तर घरचे लगीन लावून देतील. आन् डबा नाय भरला तर सायेब काय म्हणतील?"

मला माझीच लाज वाटली. पंचवीस वर्षं मी हे पोरांना शिकवतोय! म्हटलं, "उद्या रिकामा दे. मी येतो सोबत."

दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये गेली, मी दारात थांबलो. तिनं तिन्ही कप्पे उघडून साहेबांपुढं मांडले.

"सर, काय नाय आणलं. माझ्यानं आता होत नाय."

साहेबांनी पहिल्या कप्प्यात पाहिलं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. मला वाटलं, गेली पोरीची नोकरी.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

"अगं, रिकामा आलाय."

पलीकडून वहिनींचा हरखलेला आवाज मला दारापर्यंत ऐकू आला.

"खरंच? घ्या माझी शपथ!"