मामाने बंद ठेवलेला लूम

पुण्याहून भिवंडीची एसटी पकडली तेव्हा पिशवीत मामासाठी बाकरवडी होती आणि मनात, खोटं कशाला बोलू, थोडी मिरवायची हौस. दोन वर्षांनी चालले होते. भिवंडीत उतरताच गल्लीतली लूमची (यंत्रमागांची) खडखड कानावर आली. टपरीवर उभ्यानेच उसळपाव खाल्ला आणि वज्रेश्वरीच्या गाडीत बसले.

शेलार गाव मागे गेलं तरी गोदामं संपेनात. अंबाडीच्या नाक्यावर निम्मी गाडी उतरली आणि मग कुठे कापणी झालेली भातखाचरं दिसू लागली. आमच्या फाट्याला ना पाटी ना शेड. माझी खूण एकच, चिंचेखाली उभा असलेला गोविंदमामा. उभा जन्म लूमवर उभं राहून ड्युटी केलेला माणूस. मी येणार म्हटलं की तासभर आधी तिथे हजर.

"ताई, तुमचा फाटा मागे गेला की!" कंडक्टर ओरडला. चिंच जागेवरच होती म्हणे. खाली मामा नव्हता, म्हणून मला ती दिसलीच नाही.

उन्हात मागे चालत निघाले. गवताचा भारा घेतलेली एक बाई भेटली. "कोणाकडं चाललीस, बाय?"

"गोविंदमामाकडे."

"खुर्चीवाला गोविंद? हाय ना घरीच. जाणार कुठं?"

खुर्चीवाला! मला रागच आला. पण ओटीवर (घरापुढच्या पडवीत) मामा खरंच प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. लेंग्याखाली पाय काठीसारखे झाले होते.

मामीने तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) पुढ्यात ठेवली. "गेल्या वर्षी ताप आला तवापासून आमचे राजे खुर्चीवरच. डाक्टर बोलला चाला, तर ऐकत न्हाय."

"डाक्टर परका," मामा हसला. "बाय घरची हाय. तूच बोललीस ना, त्या पेशी उठवल्या की संपतात?"

हातातली भाकरी मी खाली ठेवली.

मी कॉम्प्युटरवर स्नायूंमधल्या मूळ पेशींची नक्कल (सिम्युलेशन) चालवते. या पेशी एरवी निजलेल्या असतात. स्नायूला इजा झाली की उठतात, दुरुस्ती करतात आणि काही परत निजतात, पुढच्या वेळेसाठी. म्हातारपणी त्या कमी होतात. काही आजारांत त्यांना इतकं उठवलं जातं की साठाच आटतो. पडद्यावर या पेशींचे ठिपके मिटताना मी रोज बघते. गेल्या वर्षी मामाने फोनवर विचारलं होतं, काय काम करतेस? मी मोठी शहाणी, घाईघाईत म्हणाले, "जितक्या वेळा उठवाल तितक्या लवकर संपतात, मामा."

"मी बोललो, हा तर बीम (उभ्या धाग्याचा रूळ) हाय. धागा थोडाच उरलाय, मंग लूम बंद ठेवलेला बरा. वाचवून ठेवलेत पाय," मामा म्हणाला.

कपाळ माझं! मी जखमेबद्दल बोलत होते, आजाराबद्दल बोलत होते. रोजचं चालणं माझ्या त्या नकलेत नव्हतंच. आणि चालण्याशिवाय स्नायू झडतो, हे शाळेतलं पोरही सांगेल.

"मामा, मी चुकले. डॉक्टर बरोबर होते. हा धागा बसून उरत नाही."

त्याने दोन्ही पायांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "आसंल. मलाच समजला न्हाय." दोष स्वतःकडे घेतला त्याने, आणि मला रडू आलं.

मामीने आणि मी मामाला दोन्हीकडून धरलं. चार पावलं झाली. पाचव्याला गुडघे लटपटले. मामीने डॉक्टरांना माझ्यासमोरच फोन लावला. ते म्हणाले, पुन्हा व्यायाम सुरू करू, थोडं येईल, पण गेलेलं सगळं परत येईलच असं सांगता येत नाही.

दुपारी निघाले. "थांब, येतो फाट्यापर्यंत," मामा सवयीने म्हणाला आणि खुर्चीच्या हातांवर जोर दिला. उठता आलं नाही. "जा बाय, गाडी जाईल," म्हणून त्याने तोंड फिरवलं.

पुण्याला परतल्यावर कॉम्प्युटर उघडला. एक बटण दाबलं की माझ्या पेशी पुन्हा पहिल्या दिवसावर येतात. आजवर किती वेळा दाबलं असेल ते, सहज, चहा पिता पिता. त्या दिवशी हात तिथवर जाईना. मनाने मी अजून फाट्यावर बसची वाट बघत एकटीच उभी होते, आणि चिंच आता मला नीट दिसत होती.