टिकाराम बॅटरीवाल्याच्या घरी बॅटरी नव्हती

भिलाईच्या रिसालीत टिकाराम रंगारीला सगळे बॅटरीवाला म्हणत. स्टील प्लांटच्या बॅटरी रूममध्ये त्याने अठ्ठावीस वर्षं काढली होती. सेलचं झाकण उघडून नुसतं आत पाहिलं तरी त्यात किती दम उरलाय ते तो सांगायचा, आणि मग मीटर लावणारा इंजिनिअर मान डोलवायचा. आणि अशा माणसाच्या स्वतःच्या घरात बॅटरी नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि तो टिकारामने जाणूनबुजून ठेवला होता.

एक्याण्णव साली तो रिटायर झाला आणि मरोद्याचं प्लांटचं क्वार्टर सोडून नवराबायको दोघं रिसालीत बांधलेल्या दोन खोल्यांत आली. क्वार्टरमध्ये लाइन, म्हणजे वीज, जाते तेव्हा काय होतं, हे त्याच्या बायकोला, पंचफुलाला, कधी कळलंच नव्हतं. इथे रोज दुपारी दोन तास आणि संध्याकाळी पाच ते नऊ लाइन जायची, पाहुणे जातात तशी वेळ सांगून. मुलगा श्यामराव रेल्वेत होता. त्याने कुठल्याशा लिलावात निघालेल्या दोन सोलर प्लेटा आणून छपरावर बसवून दिल्या. त्यावर दुपारी एक छोटा पंखा फिरायचा. ढग आला की पंखा मंदावायचा आणि ढग गेला की पुन्हा वेग घ्यायचा. गल्लीतल्या बाया मुद्दाम बघायला यायच्या. प्लेटांचं सगळं काम दिवसाचं. सूर्य मावळला की त्या छपरावर नुसत्या पडून असायच्या.

श्यामराव म्हणाला, बाबा, एक बॅटरी जोडली की संध्याकाळी ट्यूब लागेल, आणि ते जोडायला तुमच्यापेक्षा मोठा मिस्त्री मी कुठून आणू? टिकाराम नको म्हणाला. बॅटरीतून गॅस निघतो, घरात ठेवली तर स्फोटाची भीती, तेजाबाच्या, त्या ॲसिडच्या, वाफेने माणूस खोकून मरतो, आपण अठ्ठावीस वर्षं खोकलो ते पुरे झालं. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. माणसाला खोटं लपवायचं असलं की तो असाच खऱ्याचा ढीग त्यावर रचतो.

टिकारामला वाचता येत नव्हतं.

आकडे यायचे, सही यायची. बाकी काळं ते काळं. आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बॅटरी रूममध्ये रजिस्टर भरायची वेळ आली की तो हात पुढे करून म्हणायचा, हाताला तेजाब आहे, रजिस्टर खराब होईल, तू लिही. विहारात वंदनेचं पुस्तक उघडून धरायचा आणि शेजारच्याने पान उलटलं की आपणही उलटायचा. वंदना त्याला पाठ होती, त्यामुळे आवाज सगळ्यांत खणखणीत त्याचाच. सकाळी पेपर अर्धा तास डोळ्यांपुढे असायचा. कुणी काही वाचायला दिलं की चष्मा घरी राहिलेला असायचा. इतर कुणाला याची इतकी लाज वाटली नसती. पण ज्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि तोंडात उठता-बसता 'शिका', त्या घराचा कर्ता अडाणी आहे हे सांगायला टिकारामची जीभ उचलत नव्हती.

त्यात ब्याण्णवच्या हिवाळ्यात साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. शेजारची सून कमलिनी संध्याकाळी सातला टिकारामच्याच ओसरीवर पाच बायांना बसवून शिकवायची. दिवसा कुणाला सवड नव्हती. पुस्तक हिंदी होतं, पण अक्षरं तीच. पंचफुला अठ्ठावन्नाव्या वर्षी पाटी घेऊन बसली ती एका जिद्दीने: वैशाख पौर्णिमेला विहारात वंदना पुस्तकातून वाचायची, पाठ म्हणायची नाही. आता तिच्या डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पाच बायांत एक कंदील, आणि त्याची काच वरून काळी. तिला क आणि फ एकच दिसायचे.

तेव्हा तिनेही बॅटरी मागितली, आणि टिकारामने तिलाही गॅस आणि वाफ सांगितली. पण नुसतं नाही म्हणून गप्प बसवेना, म्हणून त्याने एक शहाणपणा केला. रोज दुपारी चारला तो शिडी लावून छपरावर चढायचा आणि प्लेटांची तोंडं पश्चिमेला फिरवायचा, म्हणजे जाता जाता सूर्याची शेवटची कवडी वसूल व्हावी. ट्यूबऐवजी लहान बल्ब लावला आणि कमलिनीला वर्ग साडेपाचला घ्यायला सांगितलं. बाया धावतपळत आल्या. बल्ब पेटला, पिवळा झाला, लाल झाला, आणि सहाला त्याची नुसती तार दिसायला लागली. पुढच्या आठवड्यात तीन बाया यायच्या थांबल्या. अठ्ठावीस वर्षं बॅटऱ्या सांभाळलेला माणूस उजेड साठवायचं सोडून त्याच्यामागे छपरावर धावत होता, हे बघून कमलिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

पंचफुला हसली नाही. ती म्हणाली, "तीस साल तुमच्या कमीजचे तेजाबाचे भोकं शिवले मी. कधी कुरकुर नाई केली. आता एक बॅटरी मागून राहिली तर मले गॅस सांगता?"

यावर त्याच्याजवळ उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. ती शिकली की आपण उघडे पडू, ही भीती एक. दुसरी गोष्ट त्याहून जुनी होती.

प्लांटमध्ये लागण्याआधी, एकसष्ट साली, तो आणि चंपत एका ठेकेदाराच्या शेडमध्ये बॅटऱ्या भरायचे. दोघं पवनीजवळच्या एकाच गावचे, एकाच गाडीने आलेले. तेजाब पातळ करायचं तर आधी टबात पाणी घ्यायचं आणि त्यात तेजाब हळूहळू ओतायचं. उलटं केलं तर ते उकळून तोंडावर येतं. तेजाबाचा आणि पाण्याचा जार सारखाच. टिकारामने तेजाबाच्या जाराला लाल चिंधी बांधून ठेवली होती, तेवढंच त्याचं वाचन. एक दिवस नवे जार आले, चिंधी नव्हती, फक्त चिठ्ठ्या डकवलेल्या. तेजाब पाण्याहून जड, पण महिनाभराच्या नवख्या हाताला अजून वजनाचा फरक कळत नव्हता. चंपतला वाचता येत नव्हतं, आणि टिकारामला येतं असं तो समजायचा. त्याने विचारलं, पाणी कोणतं? टिकारामने चिठ्ठीकडे बघितल्यासारखं केलं आणि बोट दाखवलं. चंपतने ते टबात घेतलं आणि वरून दुसरा जार ओतला. टब उसळला आणि चंपतचा डावा डोळा गेला.

चौकशीत टिकाराम म्हणाला, मी चिठ्ठी वाचून नीट सांगितलं होतं, त्यानेच उलटं ओतलं. दोन वर्षांनी प्लांटची भरती निघाली. टिकाराम मेडिकल पास झाला. एका डोळ्याच्या चंपतला डॉक्टरने दारातूनच परत पाठवलं. त्याने कॅम्प-१ च्या बाजारात ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान टाकलं. भिलाईत बॅटरी घ्यायची तर गावाकडची माणसं चंपतकडेच जायची, आणि टिकाराम तीस वर्षं तो रस्ता टाळून भाजी आणत होता. लग्नाकार्यात भेट झाली की चंपत सरकून त्याला शेजारी जागा द्यायचा. टिकारामला तो घास गिळवत नसे.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी सातला लाइन गेलेलीच होती. वर्गाला कुणीच आलं नव्हतं. पंचफुला कंदिलाजवळ पुस्तक धरून एका ओळीवर अडली. बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं आणि मग तिने पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. एवढा शब्द सांगा, म्हणाली. चष्मा कुठे ठेवला कोण जाणे, असं टिकाराम सवयीने म्हणून गेला.

चष्मा त्याच्या नाकावर होता.

पंचफुलाने त्याच्याकडे पाहिलं. तिने पुस्तक हळूच आपल्याकडे घेतलं, मिटलं आणि भाकरी टाकायला आत गेली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. जेवताना तिने त्याच्या ताटात नेहमीसारखी चटणी वाढली, आणि त्या चटणीने त्याचे डोळे भरून आले. आता घरात लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. राहिला होता चंपत.

सकाळी तो सायकल काढून कॅम्प-१ ला गेला. चंपत दुकानात खाली बसून एका बॅटरीची टोकं घासत होता. टिकारामला बघून त्याने स्टूल पुढे केलं आणि चहा सांगितला. टिकाराम स्टुलावर बसला नाही. घरी सोलरच्या प्लेटा आहेत, बायको संध्याकाळी वाचायला शिकते, बॅटरी पाहिजे, असं त्याने सांगितलं. चंपत म्हणाला, तुझ्याजवळ बॅटरी नाही असं सांगितलं तर ऐकणारा मला वेडा म्हणेल.

"चंपत," टिकाराम म्हणाला, "त्या दिवशी जार म्या चुकीचा दाखवला. मले वाचता येत नव्हतं. आजबी येत नाई. तू बरोबरच ओतलं होतं."

चंपतचा हात थांबला. दुकानात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. चहा आला तो तसाच राहिला.

"एकतीस साल," चंपत शेवटी म्हणाला, "मी माह्या हाताले शिव्या देत आलो. मले वाटे, ऐकून चुकलो का ओतून चुकलो. झोपेत बी तोच टब दिसे. डोळा गेला त्याचं काई नाई, टिकाराम. माह्या हातावरचा माहा भरोसा गेला."

टिकाराम उभाच राहिला. माफी मागायची तर कोणत्या तोंडाने, हे त्याला सुचेना. त्याला वाटलं चंपत आता हाकलून देईल, आणि तसं झालं तर बरंच होईल. चंपतने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो उठला, मागून एक बॅटरी आणि तेजाबाची एक नवी बरणी काढली, दोन्ही पोत्यात बांधून सायकलच्या कॅरिअरवर ठेवली. दोरीची गाठ मात्र दोनदा ओढून पाहिली.

"घेऊन जा. पण भरताना बरणी तू नको पाहू," तो म्हणाला. "बाई शिकून राहिली ना तुही? तिले वाचू दे."

दुपारी टिकारामने घराबाहेर, न्हाणीच्या भिंतीशी, वारा खेळेल अशी जागा करून फळी ठोकली. गॅसची भीती खोटी नव्हतीच. मग त्याने पंचफुलाला हाक मारली आणि तिच्या हातातल्या बांगड्या उतरवून ठेवायला सांगितल्या. बॅटरीजवळ धातू नको, हा नियम. तिथेच उभं राहून त्याने तिला सगळं सांगितलं, चिंधीपासून कॅम्प-१ पर्यंत. ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, की चंपत भाऊजींना जेवायला कधी बोलवायचं? टिकाराम म्हणाला, बोलावलं तर तो येईल का, ते मला माहीत नाही.

मग तिने बरणी उन्हात धरली आणि चिठ्ठीवर बोट ठेवलं. टिकारामही वाकला.

"ते," ती म्हणाली. थांबली. "जा." मग बराच वेळ गेला. "ब. तेजाब."

"एवढंच?" टिकारामने विचारलं.

"एवढंच होय. तीन अक्षरं."

टिकाराम त्या तीन अक्षरांकडे बघत राहिला. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा चंपतच्या डोळ्यासाठी मोठ्याने रडला. पंचफुलाने बरणी दूर ठेवली, ओसरीवरून पाटी आणली आणि त्याच्या मांडीवर दिली.