समुद्राकाठचं वाळवण

१९ एप्रिल. किचनचं कपाट आवरायला घेतलं. मागचा डबा उघडला तर जिऱ्याचा वास आला. तळाशी मूठभर साबुदाण्याच्या पापड्या उरल्या होत्या. बाहेर लीड्सचं नेहमीचं मळभ.

त्या वासासरशी स्पेनमधल्या कातालुन्यातली ती बाल्कनी आठवली. दोन वर्षांपूर्वी वसंतात आम्ही तिथे सुट्टीसाठी समुद्रासमोर फ्लॅट भाड्याने घेतला होता. आम्ही पोहायचे कपडे भरले होते, सासूबाईंनी साबुदाणा. पहिल्याच सकाळी त्यांनी बाल्कनीत प्लास्टिक अंथरलं, पळीपळीने पापड्या घातल्या आणि सीगल हाकायला छत्री घेऊन बसल्या.

"अहो आई, समुद्रावर तरी चला."

"समुद्र कुठे पळून जातोय? ऊन जाईल. तुमच्या लीड्सला मिळतं का असलं?"

"पण एवढ्या कशाला?"

"पुढच्या वर्षी मी असेन, नसेन."

"दरवर्षी हेच म्हणता!" मी म्हटलं, तशा त्याच मोठ्याने हसल्या.

मला मात्र राग आला होता. सुट्टीतही घरभर साबुदाण्याची चिकट वाफ, आणि पाण्यात पाय न घालताच त्या परतल्या. पापड्या एवढ्या झाल्या की संपता संपेनात.

आता त्या इथेच, लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये आहेत. चमचाभर पेजही नको म्हणतात. आग्रह करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय. असेन-नसेनचं यंदा त्या काहीच बोलल्या नाहीत.

२० एप्रिल. सकाळी उरलेल्या सगळ्या पापड्या तळल्या. त्यांना चावता येणार नाही, हे माहीत होतं. गरम डबा घेऊन बस पकडली आणि वॉर्डात त्यांच्या नाकाजवळ नेऊन झाकण उघडलं.