आक्कांना घरी ठेवून पाहिलेला मुलूख

हे बाहेर कुणालाच ठाऊक नाही. टेंभुर्णीला माझी सख्खी बहीण आहे, "आमची गोदा माझ्यापासून काही म्हणजे काही लपवत नाही" असं ती माझ्याबद्दल गावभर सांगते — तिलाही नाही. परवाच्या दिवाळीत घरातल्या दोन माणसांपुढं बोलले, कारण गोष्ट त्यांचीच होती. तेव्हापासून मला इतकं हलकं वाटतंय की म्हटलं, तुम्हांलाही सांगून टाकावं. मी तशी भराभर बोलणारी बाई, पण इथं अडखळेन. अडखळले तर जरा थांबा.

आधी सोपं तेवढं सांगते. मोठी लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती. आमचे हे सोलापुरात गिरणीच्या रंगखात्यात होते, आणि गिरणीनं त्यांना नवे रंग शिकायला दोन वर्षं जर्मनीत धाडलं. राईन नदीच्या काठचं शहर, पलीकडच्या काठाला रंगाचे कारखाने. आम्ही तिघं गेलो — हे, मी आणि ह्यांची थोरली बहीण आक्का. लोक विचारायचे, अगं, बायको जाते हे समजलं, नणंद कशाला? मी हसून म्हणायची, आक्कांच्या हातचं असल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. तोंडानं हसायची. मनात काय होतं ते येतंच आहे पुढं.

आक्का कोण हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. आमची माणसं करमाळ्याकडची, मेंढरं राखणारी. ह्यांची आई ह्यांना रांगतं टाकून देवाघरी गेली. आक्का तेव्हा नवरा जाऊन नुकत्या माहेरी परत आलेल्या. आमच्यात बाईचं दुसरं लग्न होतं, सासऱ्यांनी स्थळही बघितलं होतं. पण दत्तूला — म्हणजे ह्यांना — कुणाकडं टाकू, म्हणून ती बाई राहिली ती राहिलीच. पाठीला पोर बांधून कळपामागं हिंडली. पुढं त्या पोराला सोलापुरात शाळेत घालायचं तिनंच हट्ट धरून करवून घेतलं. आता सांगा, अशा बाईचा कुणी हेवा करतं का?

मी केला.

बोटीवर ह्यांनी एक दिवस सांगितलं की जर्मनीच्या शेजारी स्वित्झर्लंड म्हणून मुलूख आहे, तिथं उन्हाळा लागला की माणसं मेंढरं आणि गुरं घेऊन, बिऱ्हाड पाठीवर टाकून, बर्फाच्या डोंगराकडं चढत जातात. आक्का ऐकतच राहिल्या. "आपल्यावानीच की रं! मला दाव त्यास्नी. येवडंच दाव दत्तू, दुसरं काय बी नगं." ह्यांनी शब्द दिला. जन्मात त्या बाईनं भावाकडं मागितलेली ही पहिली गोष्ट असेल.

तिकडं एक चांगली चाल होती — शनिवारी दुपारी कारखाना सुटला की सोमवारपर्यंत माणूस मोकळा. सगळं शहर पिशव्या पाठीला मारून स्टेशनावर लोटायचं. आमची पहिली सहल हायडेलबर्गची, तिघांची. डोंगरावर मोठा पडका राजवाडा, खाली नदी. आणि सबंध दिवस — सबंध दिवस बरं का — हे दोघं बहीणभाऊ पुढं आणि मी मागं. आक्का हे बघ, आक्का ते बघ. ती भिंत बघून ह्यांना गावचा कुठलासा ओढा आठवला, आक्कांना त्या ओढ्यात बुडालेलं कोकरू आठवलं, दोघं पोट धरून हसले. मला ना ओढा ठाऊक ना कोकरू. नवं पाचवारी पातळ नेसून मी त्यांच्यामागनं चालत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. परतताना गाडीत आक्कांनी मला खिडकीची जागा दिली, तर तेही मला झोंबलं.

वय लहान होतं, असं म्हणणार नाही. समजत होतं मला सगळं.

पुढच्या खेपेला कोलोनला जायचं ठरलं. हे म्हणाले, आक्कांना विचार, येताहेत ना. ह्यांना कारखान्यातनं यायला उशीर व्हायचा, आक्का लवकर निजायच्या, त्यामुळं घरातलं बोलणं माझ्याकरवी चालायचं. मी आत जाऊन आले — आणि विचारलंच नाही. बाहेर येऊन खाली मान घालून म्हटलं, आक्कांना अडचण आहे.

बायकांची अडचण म्हटल्यावर कुठला भाऊ बहिणीला जाऊन विचारतो? ह्यांचे कान लाल झाले, बरं बरं म्हणाले, आणि पेपर उघडला. झालं! इतकं सोपं निघालं ते. मग काय, पॅरिसच्या वेळीही अडचण, काळं जंगल म्हणतात त्या डोंगराच्या वेळीही अडचण. मोठ्या सुट्ट्या असोत की नुसता शनिवार-रविवार असो. आणि गंमत बघा — गंमत कसली! — आक्कांची पाळी बोट बघायच्या आधीच जाऊन बसली होती. एका घरात राहणाऱ्या मला ते ठाऊक नव्हतं? पक्कं ठाऊक होतं. ह्यांनी एकदा नुसतं विचारलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. ते विचारणार नाहीत, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

इथवर सांगताना फारसं जड गेलं नाही. हे अर्धंच आहे. आणि इतकी वर्षं मी स्वतःच्या मनाशीसुद्धा एवढंच कबूल करत आले.

उरलेलं अर्धं असं. आक्कांनाही काहीतरी सांगायला हवं होतं ना? आपण दोघं पिशव्या भरतोय, ती बाई बघतेय. तर मी त्यांना सांगितलं — कसं सांगू — मी सांगितलं की सहलीला कारखान्यातली साहेबमाणसं बरोबर असतात, आणि तुमचं ते नऊवारी, कपाळावरचं गोंदण, खांद्यावरची घोंगडी, ह्यांना जरा शरमल्यासारखं होतं. तुम्हांला तोंडावर म्हणायचे नाहीत ते. तुम्हीही विषय काढू नका, त्यांना वाईट वाटेल.

ह्यांना शरम वाटते! ज्या माणसानं हायडेलबर्गला भर बाजारात बहिणीचं बोट धरून रस्ता ओलांडला, त्याच्या तोंडी मी हे घातलं.

आक्का रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "व्हय गं, बरोबर हाय त्याचं. साबांत बसतोय त्यो. म्या कुटं शोबनार तितं?" आणि आमच्या शिदोरीच्या दशम्या लाटायला घेतल्या. प्रत्येक सहलीला त्याच बांधून द्यायच्या. दारात उभ्या राहून हात हलवायच्या.

स्वित्झर्लंडलाही असेच आम्ही दोघं गेलो. तिथं तरी माझी जीभ अडायला हवी होती की नाही? बोटीवर त्यांनी काय मागितलं होतं ते मी या कानांनी ऐकलं होतं. आदल्या आठवड्यात हे म्हणाले, या खेपेला आक्कांना काही झालं तरी न्यायचं. मी म्हटलं, या खेपेला त्यांना फार त्रास होतोय, चालवणार नाही, आणि विषय काढला तर बिचाऱ्या लाजेनं मरतील.  मग ह्यांनी दोनच तिकिटं काढली.

वर डोंगरात एक लाकडी खोपटं होतं, भोवती मेंढरं, गळ्यात घंटा. आक्कांच्या वयाची बाई दारात बसली होती, रापलेली, डोक्याला फडकं. तिनं आम्हांला दूध दिलं. हे तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, आक्का पाहिजे होत्या गं, दोघी भाषेशिवाय बोलल्या असत्या. डोळे पुसले त्यांनी. मी दूध प्यायले. चांगलं लागलं, खोटं कशाला सांगू?

परतल्यावर आक्कांनी विचारलं, दिसली का रं ती मानसं? बहिणीला हळहळ नको म्हणून हे म्हणाले, काही विशेष नव्हतं, थंडी फार होती. आक्कांनी त्याचा काय अर्थ घेतला ते मला एकटीला कळलं. भाऊ आपल्याला सांगायचंसुद्धा टाळतो.

सोलापुरात परत आलो आणि आक्का आमच्याकडं टिकल्याच नाहीत. करमाळ्याच्या चुलत्याकडं राहायला गेल्या. वर्षातनं एकदा भाऊबीजेला यायच्या, तेव्हाही गिरणीतलं कुणी आलं की मागच्या दारी जाऊन बसायच्या. हे लुगडी पाठवायचे, त्या भावकीत वाटून टाकायच्या. ह्यांना वाटायचं, मी परमुलखात नेलं म्हणून आक्कांचं मन विटलं. मला विचारायचे, माझं काय चुकलं गं? इतकी वर्षं विचारत राहिले. आणि मी? मी म्हणायची, वय झालं त्यांचं, असंच होतं.

परवाच्या भाऊबीजेला हे मला घेऊन स्टेशनावर गेले, आक्का करमाळ्याजवळच्या जेऊरहून गाडीनं येणार होत्या. त्याच गाडीनं गिरणीचे मॅनेजरसाहेब मडमेसह उतरले आणि ह्यांच्याशी बोलायला थांबले. तेवढ्यात थर्ड क्लासच्या डब्यातनं आक्का उतरल्या, हातात गाठोडं, खांद्यावर घोंगडी. ह्यांनी बघितलं, हात वर केला, आक्का अशी हाकसुद्धा मारली. आणि आक्कांनी पदर पुढं ओढला, तोंड फिरवलं, आणि आमच्या दोन हातांवरनं, जसं काही कुणी परकं उभं आहे, तशा सरळ निघून गेल्या.

टांग्यात हे एवढंच बोलले — आक्कांनी मला ओळख दिली नाही. साठीच्या माणसासारखा आवाज झाला होता.

साहेबांशी बोलून आम्ही घरी पोचलो तोवर आक्का पायी येऊन मागच्या दारी पाय धूत होत्या. मला बघून हसल्या, हळूच म्हणाल्या, "साबासंगं हुता न्हवं दत्तू? म्हनून म्या थांबलेच न्हाय. कुनाच्या ध्यानात बी आलं नसंल." केवढं समाधान होतं त्या तोंडावर! भावाची लाज राखली म्हणून.

मग माझ्यानं राहवेना. मी त्यांचा ओला हात धरला, ओढतच पुढच्या सोप्यात ह्यांच्यासमोर आणलं, आणि उभ्याउभ्या सगळं बोलले. अडचणीचं, शरमेचं, दूध प्यायलेलं, सगळं. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. खरं सांगू? जीव भांड्यात पडला. मार बसला असता तरी पडला असता.

आक्कांनी एकच विचारलं, "मंजी दत्तू तसं कदी म्हनलाच न्हवता?"

नाही, म्हटलं. कधीच नाही.

त्या खाली बसल्या. भावाचं तोंड दोन्ही हातांत घेतलं, लहान पोराचं घेतात तसं, आणि हा एवढा रंगखात्याचा मोठा माणूस त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. बऱ्याच वेळानं आक्का माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. "गोदे, ती डोंगरावरली मानसं ऱ्हायली तर ऱ्हायली गं. पर इतकी वरसं म्या माज्या भावाला वंगाळ समजले. ती वरसं तू कुटनं आननार?"

कुठनं आणणार? 

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आक्कांना घेऊन बाजाराला निघाले. घोंगडी त्यांच्या खांद्यावर होती आणि ह्यांनी त्यांचा हात धरला होता. समोरनं गिरणीचे दोन कारकून येत होते, तर हे मुद्दाम थांबले आणि म्हणाले, ही माझी आक्का. दोघं पुढं गेले ते बोलत बोलत, हसत. मी दारात उभी होते. मला चल म्हणालं नाही कुणी. मीही विचारलं नाही.