बोर्गहिल्डची पहिली मोटरहोम

बोर्गहिल्ड नेसविक माझी तीस वर्षांची शेजारीण. वोल्डाच्या वृद्धाश्रमात तिने निवृत्त होईपर्यंत स्वयंपाक केला. आपण भित्र्या आहोत हे ती समोरच्याला स्वतःच आधी सांगून टाकायची. घराबाहेर पडताना शेगडी तीनदा बघायची, कुलूप दोनदा ओढायची, आणि फेरीबोटीवर कधी गाडीतून उतरायची नाही.

या भीतीमागचं खरं कारण फार थोड्यांना ठाऊक होतं. पन्नाशीत तिला आतड्याचा आजार जडला. कळ आली की पाच मिनिटांत संडास गाठायला हवा. एकदा ट्रोंढाइमच्या बसमध्ये ते जमलं नाही. त्या दिवसापासून बस, आगगाडी, विमान सगळं बंद झालं. तिची सख्खी बहीण राग्ना उत्तरेला सोर्टलँडमध्ये राहायची, तेराशे किलोमीटरवर. नऊ वर्षं दोघी फक्त फोनवर भेटत होत्या. मग एका हिवाळ्यात राग्नाला अर्धांगाचा झटका आला. ती वाचली, पण तिला आता प्रवास करता येणार नव्हता.

मार्चमध्ये एक दिवस बोर्गहिल्ड माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कॉफीला हातही न लावता म्हणाली, "योरुन, मी संडास बरोबर घेऊनच जाणार आहे. छोटी मोटरहोम बघते, आत पलंग-संडास असलेली. जुनी."

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं.

तिचा चुलतभाऊ आर्नस्टाइन याचं गॅरेज होतं. त्याने तिला बसवून समजावलं. सहा मीटरपेक्षा लांब घेऊ नकोस, आपल्या रस्त्यांवर समोरून ट्रक आला की घाबरशील. एकूण वजन साडेतीन टनांच्या आत असू दे, तुझं लायसन्स तेवढंच आहे. कुठे पाणी मुरलंय का ते आधी बघ, इंजिन नंतर. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेली भिंत होत नाही. आणि मी नसताना कुठे सही करू नकोस.

पहिली गाडी आम्ही तिघांनी मिळून ओलेसुंडला पाहिली. आत शिरलो तर सुगंधाच्या बाटल्यांचा वास नाकात बसला. मागच्या पलंगाच्या कोपऱ्यात आर्नस्टाइनने अंगठा टेकला, तर भिंत पावासारखी आत गेली. मालक म्हणाला की थंडीत जरा वाफ धरते, बाकी काही नाही. आर्नस्टाइनने त्याला दुसरा कोपरा दाबून दाखवला. परतताना बोर्गहिल्ड म्हणाली, "मी एकटी असते तर घेतली असती. पडदे किती छान होते."

दुसरी गाडी मे महिन्यात सापडली, आमच्यापासून तासाभरावर. साडेपाच मीटर लांब, तेरा वर्षांची, आणि चाललेली जेमतेम अडतीस हजार किलोमीटर. मालक त्रुल्स नावाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या बायकोचे गुडघे गेल्यापासून गाडी शेडमध्येच उभी होती. आर्नस्टाइनला त्या दिवशी यायला जमत नव्हतं. त्याने भिंतीतला ओलावा मोजायचं यंत्र माझ्याकडे दिलं आणि बजावलं की बघा, चालवा, पण ठरवू नका. आम्ही सगळे कोपरे तपासले. कोरडे ठाक. त्रुल्सनी सांगितलं की दुपारी तीनला दुसरं कुणी बघायला येतंय. ते खोटं नव्हतं. बोर्गहिल्डला गाडी हातची जाईल ही एक भीती, आणि घेतली तर काय होईल ही दुसरी.

त्रुल्सनी सुचवलं की वर खिंडीपर्यंत जाऊन येऊ, म्हणजे इंजिनाची ताकद कळेल. बोर्गहिल्ड चालवायला बसली, ते तिच्या शेजारी, मी मागच्या बाकावर पट्टा लावून. चढताना सगळं ठीक होतं. वर बर्फ अजून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. तिने गाडी वळवली आणि उतार सुरू झाला.

घाट अरुंद, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली फ्योर्डचं, डोंगरांत शिरलेल्या समुद्राचं पाणी. घाबरून तिने ब्रेकवर पाय ठेवला तो उचललाच नाही. चौथ्या गिअरमध्येच गाडी उतरत होती. तिसऱ्या वळणानंतर मला जळका वास आला. आधी वाटलं, बाहेरून येतोय. मग बोर्गहिल्डचा खांदा एकदम खाली गेला, जिन्याची पायरी चुकावी तसा.

ती म्हणाली, "ब्रेक नाही."

आवाज अगदी साधा होता. त्रुल्सनी दोन्ही हातांनी पुढचा डॅशबोर्ड धरला होता. गाडीचा वेग वाढत होता, कपाटातल्या बशा खडखडत होत्या. मी तिची मान बघत होते, ती ओली झाली होती. वळण समोर आलं. तिने गिअर तिसऱ्यात टाकला, इंजिन ओरडलं. मग दुसऱ्यात. आम्ही सगळे पुढे फेकले गेलो. वळणात गाडी कठड्याच्या इतकी जवळ गेली की माझ्या खिडकीतून फक्त पाणी दिसत होतं.

"हँडब्रेक," मी ओरडले.

"एकदम नाही ओढायचा," ती म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी. तिने तो थोडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. पुढच्या वळणाआधी डाव्या हाताला एक शेतवाट वर चढत होती. तिने गाडी त्यात घातली. कुंपणाचा एक खांब मोडला, चढावर वेग पडला, आणि गाडी थांबली.

बोर्गहिल्ड उठली, माझ्या बाजूने मागे गेली आणि संडासाचं दार लावून घेतलं. वीस मिनिटं ती बाहेर आली नाही. त्रुल्स खाली उतरून गवतात बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते की गाडी गेल्या वर्षीच्या तपासणीत पास झाली आहे.

संध्याकाळी आर्नस्टाइनने गाडी ओढून आणली आणि उलगडा झाला. तेरा वर्षांत कुणी ब्रेक ऑइल बदललंच नव्हतं. उभ्या गाडीतही ते हवेतला ओलावा पीत राहतं. मग ब्रेक तापले की आतलं पाणी उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं.

"आणि तूसुद्धा अख्खा घाट पाय दाबून उतरलीस," तो तिला म्हणाला. "नवं ऑइल असतं तर निभावलं असतं. पण हे असं उतरायचं नसतं, बोर्गहिल्ड."

त्रुल्सनी माफी मागितली आणि सगळं दुरुस्त करून, किंमतही उतरवून गाडी देऊ केली. कदाचित सौदा चांगला होता. तिने मान हलवून नाही म्हटलं. त्या गाडीत ती पुन्हा बसणार नव्हती.

त्यानंतर सहा आठवडे तिच्यासमोर मोटरहोमचं नाव काढायची सोय नव्हती. आपली छोटी गाडीसुद्धा ती बाहेर काढीना, दुकानात चालत जायची. मग राग्नाचा फोन आला. तिची जीभ जड झाली होती, एक वाक्य ती तीनदा म्हणाली. बोर्गहिल्डने फोन ठेवला, कोट घातला आणि तडक गॅरेजमध्ये गेली. आर्नस्टाइनला म्हणाली की मला घाट उतरायला शिकव.

पंधरा दिवस ती त्याच्या सामानाच्या व्हॅनमधून तोच घाट उतरली. वरच दुसरा गिअर टाकायचा, ब्रेक थोडा दाबायचा आणि सोडून द्यायचा. पहिल्या दिवशी खाली पोचल्यावर तिला ओकारी झाली. आर्नस्टाइनने पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, पुन्हा जायचं का. ती म्हणाली, जायचं.

तिसरी गाडी दिसायला कुरूप होती. अठरा वर्षांची, एक लाख सत्तर हजार चाललेली, बाजूला खरचटलेली, आत तपकिरी पडदे. मालकीण गुडवेग, स्त्रीन गावाकडची अठ्ठ्याहत्तर वर्षांची निवृत्त सुईण, नजर अधू झाल्यामुळे विकत होती. तिने आमच्यापुढे वॅफल आणि गोड चीज ठेवलं, आणि गाडीच्या कागदांची जाड फाइल. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललेलं, इंजिनाचा टायमिंग बेल्ट वेळेवर बदललेला, गॅसची तपासणी झालेली, भिंतींतला ओलावा दर वर्षी मोजलेला. आर्नस्टाइन एकेक पान उलटत गेला. त्याची एकही कुरकुर ऐकू आली नाही.

गुडवेगने मात्र उलट तपासणी घेतली. "तुला कशाला हवी? सांगितल्याशिवाय मी देत नाही."

बोर्गहिल्ड लाल झाली. मग त्या अनोळखी बाईला तिने आतड्याचं सगळं सांगितलं, बससकट. तीस वर्षांत मला तिने इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

गुडवेगने ऐकून घेतलं. "मग आधी संडासाची टाकी कशी रिकामी करायची ते बघ," म्हणाली. "बाकीचं पुस्तकात आहे." आणि काठी टेकत तिला गाडीच्या मागच्या बाजूला घेऊन गेली.

चालवून बघायला बोर्गहिल्डने स्वतःच सर्वांत उभा उतार निवडला. मी जायला तयार नव्हते, खरं सांगते, पण गेले. खाली पोचल्यावर तिने ब्रेक कचकन दाबला. पेडल दगडासारखं घट्ट. तरी तिने लगेच हो म्हटलं नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये स्वतंत्र तपासणी करून घेतली. तिथे एक पुढचा टायर आणि मागचं एक स्प्रिंग बदलायला सांगितलं. गुडवेगने तेवढे पैसे वजा केले, आणि मगच सही झाली.

ऑगस्टमध्ये बोर्गहिल्ड एकटी निघाली. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाली. दोन दिवसांची वाट तिने आठ दिवसांत कापली. रोज दुपारी फोन यायचा आणि रोज ती घाबरलेली असायची. कधी बोगद्याला, कधी वाऱ्याला, कधी मागे हॉर्न वाजवणाऱ्याला. मोस्योएन गावापुढे कळ आली, तिने गाडी बाजूला घेतली आणि दार लावलं. एवढंच. ते सांगताना ती फोनवर रडली.

नवव्या दिवशी राग्नाचा मुलगा तिला चाकाच्या खुर्चीतून अंगणात घेऊन आला. राग्ना गाडीकडे बघून जड जिभेने म्हणाली, "किती घाणेरडे पडदे आहेत गं."

बोर्गहिल्ड तिथे पाच आठवडे राहिली. राग्ना पुढच्या वसंतात गेली.

आता बोर्गहिल्ड दर उन्हाळ्यात निघते. यंदा स्वीडनला गेली आहे. काल तिचा निरोप आला: पूल फार उंच आहे, पाय गार पडलेत, बटाटे शिजले की खाते आणि ओलांडते.