संडासाची फाईल

माझ्या बायकोला संधिवातानं धरलं तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती. आधी बोटं वाकडी झाली, मग गुडघे गेले, आणि नव्वदीचं दशक संपता संपता अशी वेळ आली की स्वयंपाकघरातून घरामागच्या परड्यातल्या संडासापर्यंत जाणं हेच तिच्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम होऊन बसलं. आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, चंदगडच्या वाटेवर. पाऊस एकदा लागला की महिनोन् महिने उघडत नाही. परड्यातली फरशी शेवाळून हिरवी होते. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. शाळेला जाण्याआधी मी तिला धरून परड्यात नेत असे आणि मधल्या सुट्टीत सायकल मारत परत येत असे. अध्येमध्ये गरज पडू नये म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही, हे मला शेजारणीनं सांगितलं.

मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी हाताला धरून नेतासा त्येची मला लाज न्हाय. पर शाळंची घंटा हुयाची वाट बघत बसायचं, त्येची लाज वाटती. एकटीला जाता यायला पायजे. बाकी काय नको मला."

झोपायच्या खोलीला लागून एक छोटं संडास-बाथरूम काढायचं, एवढंच काम होतं. बाजूला जागा होती, पण ती घर आणि शेजाऱ्याचं कुंपण यांच्यातली. नगरपालिकेच्या नियमानं ती मोकळी सोडायला हवी. तिथं बांधायचं तर नियमात सवलत मिळवायला हवी, आणि आजारपणाच्या कारणावरून ती मिळते असं मी वाचलं होतं. गवंडी हसला. म्हणाला, "परवानगी कशाला काढताय सर? समद्या गल्लीत कुणी काढलीया? सुट्टीचं दोन दिस बघा, भिंती उठवतो."

त्याचं खरं होतं. पण मी लहान असताना रस्ता रुंद करायला माणसं आली, तेव्हा आमच्या वडिलांचं छप्पर त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. कागद दाखवा म्हणाले आणि वडिलांकडं कागद नव्हता. शेजारच्या सावकाराच्या कट्ट्यालाही कागद नव्हता, पण तो राहिला. तेव्हापासून वडील आम्हाला एकच सांगत आले की आपल्या माणसानं कागदाशिवाय वीट ठेवू नये. मी अर्ज केला.

अर्जाचा विषय मी माझ्या हस्ताक्षरात नीट लिहिला होता: आजारी पत्नीसाठी घरालगत शौचालय बांधण्यास परवानगी मिळणेबाबत. त्या कचेरीत कुठल्याही फाईलला तिचं पूर्ण नाव कोणी घेत नसे. कुणाची विहिरीची फाईल, कुणाची पिठाच्या गिरणीची. माझी संडासाची झाली. मी दारात दिसलो की शिपाई आत ओरडायचा, "संडासवालं सर आल्यात!" आणि बांधकामाचा कारकून मान वर न करता म्हणायचा, "बसा सर. एवढी घाईची लागलीया व्हय?" मग तिथं बसलेली सगळी माणसं हसायची. मीही थोडं हसायचो.

पुढं ते बाहेर फुटलं. आठवडी बाजारात मेथी घेताना भाजीवाला विचारायचा, "झाला का न्हाय सर तुमचा संडास?" वर्गात फळ्याकडं तोंड केलं की मागं खुसखुस व्हायची. बायको घराबाहेर पडत नव्हती, पण गल्लीतल्या बायका घरात येत होत्या. तिच्या कानावर सगळं गेलं होतं. ती माझ्याशी त्याबद्दल बोलली नाही.

श्रावणात निरोप आला की बांधकाम समिती स्थळपाहणीला येणार आहे. बायकोला ते कळलं आणि ती कामाला लागली. घरी माणसं येणार म्हटल्यावर आमच्याकडं दुसरं काही सुचतच नाही. तिनं वाकड्या बोटांनी केस विंचरले. दिवाळीला घेतलेली निळी साडी शेजारणीकडून नेसवून घेतली. बुद्धमूर्तीपुढं ताजी फुलं ठेवायला लावली. मला परड्यात पिटाळून संडास फिनेलनं धुवायला लावला, फरशीवरचं शेवाळ नारळाच्या काथ्यानं खरवडायला लावलं. "घान दिसाया नको," ती म्हणाली. मी सगळं तसंच केलं. दोघांच्याही मनात आलं नाही की त्यांना घाणच दिसायला हवी होती.

पाचजण आले. समितीचा सभापती, ओव्हरसियर, तो कारकून, आणि सभापतीबरोबर कायम फिरणारे दोघे. छत्र्या आमच्या उंबऱ्यात निथळत होत्या. मी चहा आणला. "आत्ताच घेऊन आलोय," सभापती म्हणाला, आणि मग कुणीच कप उचलला नाही. आमच्या घरात हे होतं. कारण कोणी सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. ओव्हरसियरनं बाजूच्या बोळात टेप लावला, काहीतरी टिपलं. डॉक्टरांचा दाखला मी पुढं केला तर सभापतीनं तो न वाचताच कारकुनाकडं दिला.

"दाखला काय, कुनीबी आनतंय सर. आमाला सभेत उत्तर द्यायला लागतंय. डोळ्यानं बघितलेलं बरं." मग तो आत वळून मोठ्यानं म्हणाला, "अक्का, जरा संडासापतूर जाऊन दाखवा की. म्हंजे काय तरास हुतोय त्ये कळंल आमाला."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकलो. मी म्हणालो, "साहेब, पाऊस आहे."

"मी चंदगडकडची. पावसाचं मला काय सांगतासा," आतून बायको म्हणाली. मला वाटतं, मला गप्प करायलाच ती तसं म्हणाली. ती भिंतीला धरून बाहेर आली. मी हात पुढं केला तर कारकून म्हणाला, "तुमी नका धरू सर. एकटीलाच जाऊ द्या. पाहनी हाय न्हवं."

मग ते पाचजण पागोळ्यांच्या आत, कोरड्यात उभे राहिले आणि माझी बायको निळी साडी एका हातानं वर धरून परड्यात उतरली. ती कशी चालत असे ते मी रोज बघत होतो. कमरेत मोडून, दर पावलाला थांबून, कण्हत. त्या दिवशी ती तशी चालली नाही. परक्या पुरुषांच्या देखत ती ताठ चालली. एका ठिकाणीही थांबली नाही. संडासाच्या दाराला हात लावला, वळली आणि तशीच परत आली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता, भर पावसात. मागं उभ्या असलेल्या एकानं तोंडात तंबाखू टाकली, तिच्या धुतलेल्या फरशीवर पिंक टाकली आणि म्हणाला, "काय सांगताय! आमच्या म्हातारीपेक्षा बरं चालत्यात की!"

सभापतीही खूश दिसला. "बेस चालत्यात अक्का. मग सर, सवलत कशाला पायजे?"

बायको आत गेली. त्या रात्री आणि पुढचे दोन-तीन दिवस तिला कूस बदलता आली नाही.

समितीचा निर्णय टपालानं आला. पाहणीच्या वेळी अर्जदाराच्या पत्नी विनाआधार चालू शकत असल्याचं दिसून आल्यानं सवलत देता येत नाही. कचेरीत गेलो तर कारकुनानं मला खुर्ची दिली. त्याला खरोखरच माझी कीव आली असावी. "सर, तुमी एवढी शिकलेली मानसं, आनि एवढंबी कळलं न्हाय? अक्कास्नी पडायला सांगायचं हुतं. निदान कळवळायला तरी. पुन्ना पाहनी लावतो मी, सभापतीस्नी सांगतो. पर ह्या टायमाला घरात समजावून ठेवा."

तो वाईट माणूस नव्हता, असं मी पुष्कळदा लिहून पाहिलं आणि खोडलं. सगळ्यात जास्त किळस मला त्याचीच येते. सभापतीला आमचं काही कळत नव्हतं. याला सगळं कळत होतं, आणि तरी पडून दाखवणं ही त्याला अर्जाला जोडायच्या कागदांपैकी एक गोष्ट वाटत होती.

मी घरी येऊन सांगितलं. सांगायला नको होतं असंही वाटलं, पण तिच्यापासून लपवून पाहणी लावणं शक्य नव्हतं. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली नाही.

"मी पडनार न्हाय."

"मी पड म्हणत नाही."

"मग त्येनी कशाला येत्यात?"



ते आले. ऊन पडलं होतं, फरशी सुकली होती. बायकोनं खोलीचं दार आतून लावून घेतलं. सभापतीनं दोनदा हाक मारली, कारकुनानं दारावर थाप मारली, "अक्का, पाचच मिन्टाचं काम हाय, तुमच्याच फायद्याचं हाय." आतून तिचा आवाज आला, न ओरडता, शाळेतल्या बाईंसारखा: "चालून दाखवलं की एकदा. आता काय बघायचं ऱ्हायलंय तुमचं?" सभापती माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, बायकूला लै डोक्यावर बसवलंय तुमी." मग ते गेले, आणि फाईल बंद झाली.

मे महिन्यात मी गवंड्याला बोलावलं. भिंती त्यानं सुट्टीच्या दोन दिवसांत उठवल्या, म्हणाला होता तशाच. कुणी आलं नाही, कुणी अडवलं नाही. फक्त पुढच्या वर्षी घरपट्टी वाढून आली. परवानगी नसलेल्या बांधकामाची पट्टी मात्र त्या कचेरीला बरोबर लावता आली. बायको त्या संडासात एकटी जाऊ लागली. उंबऱ्यापाशी तिच्या हातासाठी लोखंडी दांडा बसवला होता. ती दुपारी पाणी पिऊ लागली. एवढ्याशा गोष्टीनं तिचा चेहरा बदलला. अशी तिला सात-आठ वर्षं मिळाली. शेवटच्या आजारातही, शुद्ध होती तोवर, तिनं मला त्या दाराच्या आत येऊ दिलं नाही.

ती गेल्यावर जलदानविधीच्या दिवशी गावातली पुष्कळ माणसं आली. तो सभापतीही आला. मधल्या काळात तो नगराध्यक्ष होऊन गेला होता, अंगानं सुटला होता, पांढऱ्या कपड्यांत होता. लोकांनी त्याला पुढं जागा करून दिली. तो माझ्याशी काही बोलला नाही, पण भोवतालच्यांना सांगू लागला, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "अक्का म्हंजे लै करारी बाई. एवढा आजार, पर चालनं कसं, ताठ! मी सोता बघितलंय. ह्या परड्यातच, भर पावसात." माणसं माना डोलवत होती. आमच्यातलीही.

मी उठलो. मी आयुष्यात कुणाला घरातून जा म्हटलेलं नाही. माझा आवाज मोठा नव्हता.

"तुम्ही आता जा."

त्याला आधी कळलंच नाही. "काय म्हनलासा सर?"

"उठा आणि जा."

मग माझ्या चुलतभावानं मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि त्याला हात जोडून म्हणाला, "मनावर घिऊ नका सायेब. सर लै दुखात हायती."

"असू दे, असू दे," तो म्हणाला, आणि बसून राहिला.